ताटवालीनं गाळलेलं वाक्य

ताटवाली म्हणायचे तिला. दारावर पाटी होती, पाटीवर नाव होतं, नावाखाली आहारतज्ज्ञ असंही लिहिलं होतं, पण तो शब्द उच्चारता उच्चारता पेशंटची दमछाक व्हायची. ताटवाली सोपं. आणि ते नाव काही कौतुकानं पडलेलं नव्हतं, हे आधी लिही. इस्पितळाच्या स्वयंपाकघरातल्या मोठ्या आचाऱ्यानं चिडून ठेवलेलं ते नाव.

त्याचं असं झालं. नवी नवी नोकरीला लागली, तेव्हा तिला एक टेबल दिलं, एक खुर्ची दिली, भिंतीला लावायला फळांची चित्रं दिली. कुणाला किती द्यायचं ते कागदावर लिहायचं आणि गप्प बसायचं, एवढंच काम. ही बाई दुसऱ्या दिवशी दुपारी उठली आणि खरकटी ताटं परत येतात तिथं, मोरीच्या कडेला, पालथ्या बादलीवर जाऊन बसली. एकेक ताट यायचं, ही वाकून बघायची. कुणी काय टाकलं, किती टाकलं, कुठल्या बाजूनं खाल्लं.

आचारी म्हणाला, "मॅडम, एवढं शिकून शेवटी खरकटंच बघायचं होतं, तर आमच्या बायकोनं फुकट शिकवलं असतं."

ही म्हणाली, "दादा, पेशंटला विचारलं जेवलात का, तर जेवलो म्हणतो. ताटाला विचारलं तर खरं कळतं."

हे ती बापाकडून शिकली होती. बाप एका कारखान्याच्या कँटीनमध्ये ताटं धुवायचा. आयुष्यभर तेच. पण नुसतं ताट बघून सांगायचा, हा घरी भांडून आलाय, ह्याला दाढ दुखतेय, हा पंधरा दिवसांत नोकरी सोडणार. आणि सोडायचा तो माणूस. लेकीनं कॉलेजात चार वर्षं पुस्तकं वाचली, पण धंद्याचं मूळ बापाच्या मोरीतलंच.

तर त्या बादलीवर बसून तिनं काय शोधलं? हाडांच्या वॉर्डातून रोज उकडलेली अंडी परत यायची. निम्मी तरी, सालासकट. डॉक्टर म्हणायचे, हे लोक अंडी खात नाहीत, औषधं वाढवा. ही वर गेली, बघते तर काय, निम्म्या लोकांचा एक हात प्लास्टरमध्ये. एका हातानं अंडं सोलून दाखव बरं. दुसऱ्या दिवसापासून अंडी सोलून गेली आणि ताटं चाटून पुसून परत आली. त्या दिवशी आचाऱ्याकडून तिच्यासाठी चहा आला, न मागता. नाव मात्र राहिलं ते राहिलंच.

अशी बारा वर्षं गेली. बारा वर्षांत तिच्याकडे एक नवा वॉर्ड आला, रक्त धुवायचा. डायलिसिस म्हणतात त्याला. ज्यांच्या किडन्या बसल्या त्यांनी सोमवार, बुधवार, शुक्रवार यायचं, मशीनला जोडून घ्यायचं, चार तास पडून राहायचं. मशीन रक्तातली घाण काढून टाकतं. मधल्या दिवसांत जे खाल्लं-प्यालं ते सगळं अंगातच साठतं, बाहेर जायला वाटच नाही. आणि शुक्रवार ते सोमवार, तो सगळ्यात लांबचा पल्ला. त्या दोन दिवसांना वॉर्डातल्या सिस्टरसुद्धा टरकून असायच्या.

आता त्यात एक क्षार असतो, पोटॅशियम. भाज्यांत असतो, केळ्यात असतो, बटाट्यात तर गच्च भरलेला. तुझ्यामाझ्या अंगात जास्त झाला तर किडनी धुऊन टाकते. ह्या लोकांच्या अंगात वाढला की हातपाय लुळे पडतात आणि मग काही न सांगता हृदय थांबतं. दुखत नाही, खुपत नाही. दिवा मालवावा तसं.

म्हणून ताटवालीनं सगळ्यांना शिकवलेलं, भाजी बारीक चिरायची, भरपूर पाण्यात दोन तास भिजत घालायची, ते पाणी फेकायचं, दुसऱ्या पाण्यात शिजवायची, तेही पाणी फेकायचं. मीठ तर जवळजवळ बंदच.

बारा जण होते वॉर्डात आणि अकरा जण लबाड. एक रिटायर झालेला कंडक्टर होता, तो पिशवीत केळी घेऊन यायचा आणि उशीखाली ठेवायचा. ताटवाली उशी उचलायची, तो म्हणायचा, "अहो, ही बघायला आणलीत. वास घेतो फक्त." एक जाडजूड बाई होती, ती म्हणायची, मी तर काहीच खात नाही हो ताई, आणि बोटांना तेल लागलेलं असायचं.

बारावा होता शिंपीकाका. तो एकटा ऐकणारा. चाळीस वर्षं टेप घेऊन काम केलेला माणूस, अर्धा इंच इकडेतिकडे झालेला त्याला खपायचा नाही. ताटवालीनं सांगितलं दिवसाला इतकंच पाणी, तर त्यानं पेल्यावर खडूनं रेघ मारलेली, आणि रेघेच्या वर एक थेंब नाही. सांगितलं मीठ नको, तर दोन वर्षं जिभेला मीठ लावलं नाही त्यानं. दोन वर्षं. एकदा सिस्टरनं विचारलं, "काका, बेचव लागत नाही?" तर म्हणाला, "लागतं ना. माती खाल्ल्यासारखं लागतं. पण ताई म्हणाल्या नको, म्हणजे नको." ताटवाली दुसऱ्यांना त्याचं उदाहरण द्यायची. बघा जरा त्या काकांकडे, म्हणायची.

रेडिओवर ती गेली ती ह्याच सुमाराला. इस्पितळाच्या फाटकाशी दर गुरुवारी उभी राहून नातेवाइकांना सांगायची, कुणाला काय द्यावं, काय देऊ नये. हसवून सांगायची. गर्दी व्हायला लागली. ती गर्दी रेडिओतल्या एका माणसानं बघितली. कार्यक्रम बसवायचं काम त्याचं, म्हणून त्याला कार्यक्रमवालाच म्हणूया. त्यानं तिला शनिवारी सकाळची पंधरा मिनिटं दिली.

पहिले दोन महिने कुणी ऐकलं नाही. कार्यक्रमवाल्यानं तिला काचेच्या खोलीतून बाहेर बोलावलं आणि कागद पुढं केला. कागदावर रेघाच रेघा.

"हे काय?"

"तुमचे 'पण'. आज एकतीस झाले. दूध प्या, पण. अंडं खा, पण. मॅडम, बाई कपडे धुता धुता ऐकतेय. तिच्या हाती एक गोष्ट लागली पाहिजे. तुम्ही एका हातानं देता आणि दुसऱ्या हातानं काढून घेता."

"अहो, सगळ्यांना सगळं चालत नाही."

"ते त्यांचे डॉक्टर सांगतील. तुम्ही सरळ बोला."

तिला ते लागलं, पण पटलंही. खरंच होतं ना थोडंसं. मग ती सरळ बोलायला लागली. एक शनिवार, एक गोष्ट. सालासकट खा. ताट अर्धं भाजीनं भरा. आणि काय सांगू, लोक वेडे झाले. पत्रं यायला लागली. बसमध्ये बायका आवाजावरून ओळखायच्या. भाजीवाला म्हणायचा, तुम्ही शनिवारी काय बोलणार ते मला आदल्या दिवशी सांगत जा, तेवढाच माल भरतो. माणसाला हे चढतं. तिलाही चढलं, खोटं कशाला बोला.

मग तो मिठाचा शनिवार आला.

बाजारात एक डबीतलं मीठ मिळतं. साध्या मिठातला जो भाग बीपी वाढवतो तो कमी केलेला. छान असतं, बीपीवाल्यांना चांगलं असतं. पण तो भाग काढून त्याच्या जागी घालतात काय? पोटॅशियम. तेच ते.

ताटवालीला हे ठाऊक होतं, तिला नाही तर कुणाला असणार. तिनं कागदावर शेवटी स्पष्ट लिहून आणलं होतं, ज्यांना किडनीचा आजार आहे त्यांनी हे मीठ अजिबात घेऊ नये. कार्यक्रमवाल्यानं पेन्सिलीनं त्यावर रेघ ओढली.

"हजारात किडनीवाले किती?"

"असतील तीन-चार."

"आणि बीपीवाले?"

"तीनशे तरी."

"मग तीनशे लोकांना घाबरवू नका. चारांचं डॉक्टर बघतील."

तिनं पेन्सिलीच्या रेघेकडे बघितलं. तिच्या मनात आलं, आपले बारा जण आहेत, त्यांना तर आपण मीठच बंद केलंय. ते कशाला घेतील. घड्याळात मिनिटभर उरलेलं. तिनं मान डोलावली.

आणि बोलली काय छान. म्हणाली, जिभेला उपाशी ठेवू नका, हे मीठ घ्या आणि बिनघोर जेवा. बिनघोर हा शब्द तिचाच, कागदावर नव्हता. उचलली जीभ लावली टाळ्याला. घरी आली तर नवरा म्हणाला, "आज पहिल्यांदा तुझं ऐकताना मला झोप नाही आली." दोघं हसली.

रविवारी दुपारी एकच्या सुमाराला ती कोपऱ्यावरच्या दुकानात साबण घ्यायला गेली. दुकानदार हात जोडून उभा.

"ताई, तुम्ही माझं कपाट रिकामं केलंत. डबीतलं मीठ वर्षभर धूळ खात होतं, कालच्या एका दिवसात संपलं. शेवटच्या दोन डब्या शिंप्याच्या म्हातारीनं नेल्या. पलीकडच्या पुलाकडून चालत आली बिचारी. तिकडच्या दुकानांत संपलं म्हणे."

"कुठल्या शिंप्याच्या?"

"अहो तेच ते, कोपऱ्यात दुकान होतं ना, आता आजारी असतात. म्हणाली, दोन वर्षांनी आमच्या घरात चव आली, ताईंचे उपकार."

साबण काउंटरवरच राहिला. तिनं मनात हिशेब घातला, शनिवार दुपार, शनिवार रात्र, आज सकाळ, आत्ताचं जेवण. चार जेवणं. शुक्रवारी रक्त धुतलंय, उद्या सोमवार. सगळं आत साठलेलं. आणि तो माणूस चमचाभर सांगितलं तर चमचाभर घेणारा. कंडक्टर असता तर त्यानं कंटाळून डबी फेकून दिली असती. जाडी बाई असती तर तिनं कार्यक्रम ऐकलाच नसता. ह्या सगळ्या बारांत मरायला निघाला होता तो एकटा ऐकणारा.

तिनं काकांचा फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. परत लावला. वॉर्डात लावला, सिस्टरनं उचलला.

"शिंपीकाकांचा पत्ता वाच. लवकर."

"काय झालं?"

"वाच आधी. आणि मशीन चालवणाऱ्या दादांना घरून बोलावून घे. हो, आज. रविवार असू दे. मोठ्या डॉक्टरांना सांग, पोटॅशियम वाढलेला पेशंट येतोय."

"किती वाढलंय?"

"माहीत नाही. मी वाढवलंय."

स्कूटर काढली. पूल ओलांडायला एरवी दहा मिनिटं. त्या दिवशी पुलावर एक ट्रक आडवा झालेला, दोन्हीकडून गाड्या तुंबलेल्या, कुणी हॉर्न वाजवतंय, कुणी खाली उतरून सल्ले देतंय. तिनं स्कूटर कठड्याला टेकवली आणि धावत सुटली. पंचेचाळिशीची बाई, घरातल्या चपला पायात. धावता धावता मनात एकच, घाबरवू नका, घाबरवू नका. त्या पेन्सिलीच्या रेघेला तिनं शिव्या दिल्या, मग स्वतःला दिल्या. रेघ त्यानं ओढली होती, मान हिनं डोलावली होती.

तिसरा मजला. जिना अरुंद, कठडा तुटका. दार काकूंनी उघडलं आणि बघून इतक्या खूश झाल्या की ताटवालीला रडूच फुटायचं बाकी राहिलं.

"अगंबाई, ताई! शंभर वर्षं आयुष्य आहे तुला. आत्ताच नाव काढलं. ये ये, बघ तरी."

"काका कुठं आहेत?"

"झोपलेत. जरा गळाल्यासारखं वाटतंय म्हणाले. चव लागली म्हणून जास्त जेवले असतील, दुसरं काय."

स्वयंपाकघर वाटेतच होतं. ओट्यावर पातेल्यात बटाटे भिजत घातलेले. कागदासारखे पातळ चिरलेले. शेजारी दुसरं पातेलं, दुसऱ्या पाण्याचं. ताटवालीनं शिकवलं होतं तस्सं, काडीचाही फरक नाही. आणि त्याच्या शेजारी ती डबी, झाकण उघडं, त्यात चमचा. दोन दोन तास भिजवून, पाणी फेकून जे काढून टाकायचं, तेच मग चमच्यानं वरून घालायचं. चार जेवणांत अर्धी डबी संपलेली.

"जरासं कडवट लागतं गं," काकू म्हणाल्या. "आणि खारट कमी. म्हणून दीड चमचा घालते. सूपमध्ये पण घातलं. माझं काही चुकलं नाही ना?"

"तुमचं काही नाही चुकलं, काकू."

काका पलंगावर होते. डोळे उघडे. हिला बघून उठायला गेले, पण पाय हललेच नाहीत. पायांकडे असं बघत राहिले, जसे काही दुसऱ्या कुणाचे आहेत.

"ताई, तोंडाभोवती मुंग्या येतायत," म्हणाले. जीभ जड झालेली. "पण जेवण काय झालं होतं. दोन वर्षांनी."

तिनं मनगट धरलं. ठोका पडला. मग थांबला. इतका वेळ थांबला की तिनं बोटं सरकवून परत धरलं. मग परत पडला. घड्याळ बघून मोजलं, मिनिटाला अडतीस.

ॲम्ब्युलन्स मागवली तर ती पुलाच्या पलीकडे अडकलेली. मग काय करायचं? तिनं खालच्या मजल्यावरचे दोघे बाप-लेक बोलावले, रंगारी होते ते, अंगानं दणकट. काकांना खुर्चीत बसवलं, शिवणाच्या टेबलावरची जाड चादर काढून खुर्चीला बांधलं आणि तसंच उचललं. अरुंद जिना, वळणावर खुर्ची अडायची. रंगारी म्हणायचा, तिरकी घे, तिरकी घे, भिंत सोलली तर परत रंगवू. ताटवाली एक एक पायरी उलटी उतरत होती, एका हातानं काकांचं मनगट धरून. मोजत होती. सदतीस. पस्तीस. काकू मागून येत होत्या आणि एकसारख्या विचारत होत्या, "काय झालं? कशानं झालं? काय खाल्लं त्यांनी?"

ह्या प्रश्नाला तिनं जिन्यात उत्तर दिलं नाही. दुसरी कुणीही असती तरी दिलं नसतं. पण काकू थांबेनात, तेव्हा खालच्या पायरीवर तिनं सांगितलं.

"मिठानं झालं, काकू. मी सांगितलेल्या मिठानं. किडनीवाल्यांनी घेऊ नये, हे मी सांगायला हवं होतं. ते मी गाळलं."

रंगाऱ्याच्या टेम्पोत मागं डबे सरकवून खुर्ची ठेवली, काकू एका बाजूला बसल्या, ही दुसऱ्या. टेम्पो लांबच्या रस्त्यानं, खालच्या जुन्या पुलावरून निघाला. अख्ख्या रस्त्यात काकूंनी तिच्याकडे बघितलं नाही. एकदाच बोलल्या, तेही काकांकडे बघून. "मी तर आपल्या हातानं घातलं हो."

इस्पितळाच्या दारात स्ट्रेचर तयार होतं. हृदयाच्या ठोक्यांचा कागद, ईसीजी, काढला, मोठ्या डॉक्टरांनी तो बघितला आणि हातातला चहा खाली ठेवला. हृदय सांभाळायचं इंजेक्शन दिलं, मग साखरेच्या पाण्यातून दुसरं दिलं, आणि ढकलत वॉर्डात नेलं. मशीनवाला दादा घरच्या चड्डीवरच आलेला. ताटवाली दाराच्या काचेतून बघत होती. पडद्यावरची ती हिरवी रेघ अशी पसरट चाललेली, उठू की नको असा विचार करत असल्यासारखी. एकदा सपाट झाली. सिस्टरनं डॉक्टरांकडे बघितलं. परत उठली.

तासाभरानं डॉक्टर बाहेर आले. "ठोके वर येतायत. अजून तीन तास काही सांगत नाही."

तीन तास. आता बघ, दुसरी कुणी तिथंच बाकावर बसून राहिली असती. तीही बसली, पण दोन मिनिटं. मग तिला आठवलं, ह्या वॉर्डात बारा आहेत, पण रेडिओ काय बारा जणांनीच ऐकला? पलीकडच्या गावांत अशी मशीनं नाहीत का? दुकानदाराचं कपाट एका दिवसात रिकामं झालं. ते मीठ कुणाकुणाच्या पातेल्यात पडलंय, देवच जाणे.

अकरा जणांना तिनं तिथूनच फोन लावले. कंडक्टर म्हणाला, "मीठ? ताई, मी तुमचा कार्यक्रम लागला की बाहेर फिरायला जातो." त्या दिवशी पहिल्यांदा त्याचा बेशिस्तपणा तिला गोड लागला. दहा जण सापडले. एक सापडला नाही, त्याच्या भावाला निरोप दिला.

मग ती रेडिओवर गेली. रविवारी तिथं नुसती गाणी लागतात. कार्यक्रमवाला होता, आठवड्याच्या टेपा लावत बसलेला. तिनं सगळं सांगितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला, पण माणूस सावरला लगेच.

"शनिवारी सांगू आपण. व्यवस्थित लिहून. श्रोत्यांना विनंती, वगैरे."

"शनिवारपर्यंत सोळा जेवणं होतात."

"मॅडम, वरून परवानगी लागते. आणि तुम्ही चूक झाली असं म्हणालात, तर उद्या तुमचा कार्यक्रम बंद होईल. माझंही काय होईल सांगता येत नाही. लोक तुमच्यावर विश्वास ठेवतात, तो का घालवताय?"

"विश्वास ठेवणारा एक तिकडं मशीनवर पडलाय. जगतो की जातो माहीत नाही."

तो टेबलावरच्या पेन्सिलीशी खेळत राहिला. तिला वाटलं, हा आता नाहीच म्हणणार. खिडकीबाहेर पोरं बॉल खेळत होती, त्यांचा आवाज येत होता. ती म्हणाली, "तुम्ही नाही म्हणालात तर मी गल्लीगल्लीत जाऊन ओरडेन. पण तेवढ्या वेळात किती घरांत रात्रीचं जेवण होईल, ते तुम्हीच सांगा."

तो उठला. गाणं मधेच कापलं आणि काचेच्या खोलीचं दार तिच्यासाठी उघडं धरलं. एवढं मात्र त्याच्या नावावर लिही.

ती बोलली ते मिनिटभरच. म्हणाली, "काल मी तुम्हाला डबीतल्या मिठाबद्दल सांगितलं. अर्धं सांगितलं. ज्यांच्या किडनीला काहीही आजार आहे, ज्यांचं डायलिसिस चालू आहे, त्यांच्यासाठी ते मीठ विष आहे. हे मला माहीत होतं आणि मी बोलले नाही. ताट पुढं असेल तर हात थांबवा. खाल्लं असेल आणि पाय जड वाटत असतील, तोंडाला मुंग्या येत असतील, तर उद्यापर्यंत थांबू नका, आत्ता इस्पितळात जा. शेजारी कुणी आजारी असेल तर त्यांच्या घरी जाऊन सांगा. माझी चूक झाली." मग परत तेच म्हणाली, सावकाश. तीनदा म्हणाली. शेवटचं झाल्यावर कार्यक्रमवाल्यानं गाणं लावलं नाही.

फोन यायला लागले. दोन शिव्यांचे, एक रडण्याचा. आणि एक कुठल्या तरी लांबच्या गावातून, एका बाईचा. तिच्या सासऱ्यांना सकाळपासून उठता येत नव्हतं, तिला वाटलं होतं म्हातारपण. आता गाडी करून निघालेत म्हणाली. त्या म्हाताऱ्याचं पुढं काय झालं, ते कधी कळलं नाही. ताटवालीच्या मनातून तो शेवटपर्यंत गेला नाही.

ती वॉर्डात परत आली तर काका तिसऱ्या तासाच्या शेवटाला होते. रेघ पडद्यावर टोकदार झालेली, एकसारखी. डॉक्टर म्हणाले, "वाचले. आणखी एक जेवण झालं असतं तर नसते वाचले."

सोमवारी सकाळी ती वॉर्डाच्या दारात उभी राहिली आणि येणाऱ्यांना मोजत राहिली. ज्याच्या भावाला निरोप दिला होता, तो सगळ्यात शेवटी आला, बस चुकली म्हणून वैतागलेला. मग ती खाली बसली. त्याच आठवड्यात रेडिओचं पत्र आलं, कार्यक्रम थांबवत आहोत. वर बोलावून इस्पितळातल्या साहेबांनीही तासभर सुनावलं, आणि तिनं ऐकून घेतलं. फाटकाशी गुरुवारी गर्दी निम्म्यावर आली. जे राहिले ते प्रश्न फार विचारायला लागले. तिला त्याचं वाईट वाटायचं नाही.

पण तिला खरी भीती वाटली ती बुधवारी. काका मशीनवर होते, काकू उशाशी. काकूंनी अजून तिच्याशी बोलणं टाकलेलंच होतं. काकांनी तिला जवळ बोलावलं. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही.

"ताई, जे झालं ते झालं. आता काय खायचं ते सांगा. तुम्ही सांगाल तसं करतो."

मरता मरता वाचलेला माणूस, आणि परत तेच. तुम्ही सांगाल तसं.

"नाही काका," ती म्हणाली. "आता तसं नाही करायचं. मी काहीही सांगितलं की आधी मला का म्हणून विचारायचं. मी उत्तर दिलं की परत विचारायचं. पटलं तरच खायचं."

काकांनी विचार केला. उशीजवळची छोटी वही घेतली, जुनी, लोकांच्या छातीकमरेची मापं लिहायची. त्यात लिहून घेतलं. मग वर बघितलं.

"का?" म्हणाले.

ती स्टूल ओढून बसली. नीट सांगायचं तर अर्धा तास जाणार होता, आणि खाली दुपारची ताटं परत यायची वेळ झालेली. तिनं आचाऱ्याला निरोप पाठवला, आज माझी वाट बघू नका. काकू तिच्याकडे न बघताच आपली खुर्ची थोडी पुढं सरकवून म्हणाल्या, "मोठ्यानं सांग. शिजवते मी."